इंग्रजी शब्दांची बेतणी आणि मुलांची वाक्ये

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यातील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात दिलेले भाषण. कार्यवाहांच्या आग्रहावरून ते स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



गुणगौरवाच्या प्रसंगी वक्त्याने थोडक्यात आटोपावे, हा संकेत मला ठाऊक आहे. मुलांचे डोळे बक्षिसांकडे आणि पालकांचे भोजनाकडे लागलेले असतात. तथापि कार्यवाहांनी मजवर जो विषय सोपविला आहे, तो आपल्या घराघरांत रोज संध्याकाळी रडविणारा विषय आहे. म्हणून थोडा अधिक वेळ मागून घेतो.

आरंभीच सांगतो, मी इंग्रजीचा पंडित नव्हे. शालान्त परीक्षा आणि त्यानंतर अध्यापक विद्यालयातील दोन वर्षे, एवढीच माझी विद्या. माझे स्वतःचे इंग्रजी पाचवीत सुरू झाले, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या आधाराने कसेबसे वाढले आणि प्राथमिक शाळेत नोकरी लागल्यावर बरेचसे गंजून गेले. २००० सालच्या जूनमध्ये आपल्या राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविणे सुरू झाले, तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. सहा वर्षांच्या पोरांपुढे उभे राहून 'कॅट' आणि 'रॅट' म्हणण्याची पाळी आली, तेव्हा माझे हात थंड पडले होते. पुढली सतरा वर्षे, म्हणजे निवृत्तीपर्यंत, जे शिकलो ते त्या पोरांकडूनच शिकलो. तेच आज आपणांपुढे ठेवतो.

बोलण्याचे निमित्त मात्र घरातले आहे. माझी नात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत आहे. गेल्या श्रावणात एका संध्याकाळी ती वही पुढे घेऊन मुसमुसत होती. दुसऱ्या दिवशी वीस शब्दांचे श्रुतलेखन होते. यादीत पहिला 'कॅट', त्याखाली 'एलिफंट', त्याखाली 'नाइफ', मग 'रेनबो'. सूनबाई अक्षरे चालीवर म्हणत होत्या, ई-एल-ई-पी-एच-ए-एन-टी, आणि पोर त्यांच्यामागून घोकत होती. हत्ती पाठ होईपर्यंत सुरी विसरली जाई. मी जवळ बसून विचारले, "बाळ, एलिफंटमधला 'फ' कोणत्या अक्षरांनी होतो?" तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू काही मी मोडी लिपीत बोललो! त्या अक्षरांचा आवाजाशी काही संबंध असतो, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तिच्या दृष्टीने तो दूरध्वनीचा क्रमांक होता. घोकावा आणि विसरावा.

आपल्या समाजात सांप्रत किती घरांत अशी संध्याकाळ होत असेल, याचा विचार करा. ज्या आईचे शिक्षण मराठीतून सातवी-आठवीपर्यंत झाले, तिला वाटते की आपण या कामी निरुपयोगी आहोत. मग शिकवणी लावावयाची, आणि शिकवणीतही तेच घोकणे. माझे म्हणणे असे की, जिला कापड बेतता येते तिला इंग्रजी शब्द बेतता येतील. हे मी भाषणाच्या आवेशात म्हणत नाही. कसे ते सांगतो.

प्रथम अडचण नीट समजून घेऊ. इंग्रजीत अक्षरे सव्वीस आणि बोलण्यातले ध्वनी सुमारे चव्वेचाळीस. त्यातही स्वरांची अक्षरे पाच आणि स्वरांचे उच्चार वीसच्या आसपास. सुया सव्वीस आणि दोरे चव्वेचाळीस, अशी ही स्थिती. एकेका सुईत दोन-तीन दोरे ओवावेच लागतात. आपल्या मुलाला देवनागरीची सवय असते. तेथे 'क' म्हणजे 'क'च. म्हणून सी या अक्षराचा एका ठिकाणी 'क' आणि दुसऱ्या ठिकाणी 'स' झाला की तो बावचळतो आणि ही भाषाच खोटी आहे, असा निकाल देतो.

पण आपली मराठी तरी इतकी सरळ आहे काय? 'चमचा' म्हणा आणि 'चित्र' म्हणा. 'जहाज' म्हणा आणि 'जीवन' म्हणा. अक्षर एक, उच्चार दोन, आणि पुस्तकात त्याची खूण कोठेही नाही. 'घर' लिहिताना आपण पूर्ण 'र' लिहितो आणि बोलताना पाय मोडलेला उच्चारतो. हे आपल्या मुलांना कळतेच ना? मी वर्गात प्रथम हाच खेळ घेत असे. मुले 'चहा', 'चंद्र', 'चोर', 'चिमणी' म्हणत आणि डाव्या-उजव्या रांगांत शब्द वाटून टाकीत. दहा मिनिटांत त्यांना पटे की एक अक्षर दोन कामे करू शकते. त्यानंतर सी या अक्षरापुढे ई, आय किंवा वाय आले की ते 'स' म्हणते, हे सांगितले, तर ते निमूटपणे ऐकत. कारण आता तो अन्याय उरलेला नसे.

इंग्रजी लेखन असे का झाले, हे शिकविणाऱ्याला ठाऊक असावे. मुलांना सांगण्याची घाई नको. आपल्याला ठाऊक असले म्हणजे आपला राग कमी होतो, एवढाच उपयोग. 'नाइफ' या शब्दाच्या आरंभीचे के हे अक्षर एके काळी खरोखर उच्चारले जात असे. 'लाइट' आणि 'नाइट' यांमधील जी-एच ही अक्षरे घशातून काढलेल्या 'ख'सारखी वाजत; जर्मन भाषेत रात्रीला आजही 'नाख्ट' म्हणतात. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ साली इंग्लंडात पहिला छापखाना घातला. छपाईमुळे लेखन हळूहळू गोठू लागले, आणि नेमके त्याच काही शतकांत लोकांचे उच्चार झपाट्याने बदलत गेले. माप जुन्या अंगाचे, अंग नवे. शिवाय पंडितांनीही भर घातली. 'डेट', म्हणजे ऋण, या शब्दात लॅटिन मूळ दाखविण्यासाठी बी हे अक्षर मागाहून बसविण्यात आले. ते आजतागायत मुकेच आहे. 'सन', म्हणजे पुत्र, या शब्दात यू ऐवजी ओ का, तर जुन्या हस्तलिखितांत यू, एन, एम ही अक्षरे नुसत्या उभ्या रेघांनी लिहीत व ती एकमेकांत मिसळून जात, म्हणून वाचणाऱ्याच्या सोयीसाठी ओ घातला गेला, असे सांगतात. माझ्या आजोबांची दुकानातली वही मोडीत होती. तीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसे आणि लेखणी न उचलता ओळ संपे. ती वाचताना माझ्या वडिलांची होणारी कसरत मी पाहिली आहे. म्हणून त्या इंग्रज लेखनिकांविषयी मला सहानुभूती वाटते.

बर्नार्ड शॉ १९५० साली निवर्तले, तेव्हा नव्या इंग्रजी वर्णमालेसाठी त्यांनी मृत्युपत्रात पैसे ठेवले होते. त्या लिपीत त्यांचे एक नाटकही १९६२ साली छापले गेले. पुढे काही झाले नाही. तेव्हा कापड आहे तेच आहे. शहाणपणाने बेतावे, हे बरे.

बेतता येते काय? येते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉल हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली सतरा हजारांवर इंग्रजी शब्द संगणकाकडून केवळ नियमांच्या आधारे लिहवून घेतले. सुमारे निम्मे शब्द अचूक आले आणि एक तृतीयांशाहून अधिक शब्दांत केवळ एकेक चूक निघाली. म्हणजे जे सारेच घोकावयाचे म्हणून आपण मुलांच्या माथी मारतो, त्यातला मोठा भाग समजून लिहिता येण्याजोगा आहे.

माझी पद्धत सांगतो. पहिले दोन महिने फक्त तीन अक्षरी शब्द, आणि तेही कुटुंबाकुटुंबाने. कॅट, बॅट, हॅट, मॅट, रॅट. शेवटची दोन अक्षरे फळ्यावर कायम. पुढले अक्षर तेवढे पुसावयाचे व नवे लिहावयाचे. मग हेन, पेन, टेन. मग पिन, टिन, बिन. अक्षराचे नाव घ्यावयाचे नाही, आवाज घ्यावयाचा. 'सी-ए-टी कॅट' असे म्हणणाऱ्या मुलाला 'सीएटी' ऐकू येते, कॅट ऐकू येत नाही. 'क्, ॲ, ट्' असे म्हटले की मांजर आपोआप बाहेर येते. हे कोणतीही माता करू शकते. तिला इंग्रजी बोलता येण्याची यत्किंचितही आवश्यकता नाही.

त्यानंतरचा पाठ माझ्या आवडीचा आहे. मी दुकानातून कापड मोजण्याची टेप वर्गात नेत असे. फळ्यावर टी-ए-पी लिहावयाचे. मुले वाचीत, 'टॅप', म्हणजे नळ. मग शेवटी ई हे अक्षर लिहावयाचे आणि खिशातून टेप काढून गळ्यात अडकवावयाची. 'टॅप'ची 'टेप' झाली! ही शेवटची ई स्वतः बोलत नाही. मागल्या स्वराला मात्र त्याचे स्वतःचे नाव घेण्यास लावते. पुस्तकांत तिला जादूची ई म्हणतात. आम्ही तिला 'मुकी ई' म्हणत असू. 'किट'चा 'काइट' होतो, 'हॉप'चा 'होप', 'कब'चा 'क्यूब'. मुले घरी जाऊन दिसेल त्या शब्दाच्या शेपटीला ई लावून पाहात. शब्दाशी असा खेळ सुरू झाला की अर्धे काम झाले.

पण पोरे सोडतात होय? एका मुलीने उभे राहून विचारले, "गुरुजी, मग 'हॅव'च्या शेवटी ई आहे, त्याचा 'हेव' का होत नाही?" मी म्हणालो, "तसेच असते." ती खाली बसली, पण तिचा चेहरा मला रात्री झोपू देईना. पुष्कळ दिवसांनी उत्तर सापडले. इंग्रजीत व्ही या अक्षरावर शब्द संपवीत नाहीत. पूर्वी यू आणि व्ही एकाच आकाराने लिहीत, तेव्हा घोटाळा टाळण्यासाठी व्ही-पुढे ई ठेवीत. 'हॅव', 'गिव्ह', 'लव्ह' या सर्वांत ती ई जादूची नव्हे, नुसती राखणदार आहे. तोवर ती मुलगी शाळा सोडून पुढल्या शाळेत गेली होती. रस्त्यात भेटली तेव्हा मी तिला थांबवून हे सांगितले. तिला प्रश्न आठवत नव्हता; पण ती हसली.

पुढचे नियम भराभर सांगतो. ऱ्हस्व स्वरानंतर शेवटी 'क' आला तर सी-के ही जोडी: बॅक, नेक, रॉक, डक. दीर्घ असेल तर नुसता के आणि मुकी ई: बेक, लाइक. 'ए'चा लांब आवाज शब्दाच्या मध्ये असेल तर ए-आय, जसे 'रेन'. शेवटी असेल तर ए-वाय, जसे 'डे'. क्यू हे अक्षर एकटे फिरत नाही, यू त्याच्याबरोबर असतेच. 'हॉप'ला 'इंग' लावताना पी दोनदा लिहावयाची आणि 'होप'ला लावताना ई गाळून पी एकदाच. एका विद्यार्थ्याने मामाला पत्रात लिहिले होते की, मी उत्तीर्ण होण्याची आशा करतो; पण पी दोनदा पडल्यामुळे तो उत्तीर्ण होण्यासाठी लंगडी घालीत आहे, असा अर्थ झाला. तो नियम त्या वर्गातला एकही मुलगा पुढे विसरला नाही.

आता आडदांड शब्दांविषयी. सेड, वॉज, वन, टू, हू, कम, डज, हे कोणत्याही नियमाला जुमानत नाहीत आणि दुर्दैवाने रोज लागतात. ते नजरेनेच ओळखावे लागतात. आठवड्याला दोन, याहून अधिक देऊ नयेत. भिंतीवर लावावेत.

येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्यांची ती आहे, त्यांची संमती मी घेतली आहे. १९८६ च्या सुमारास पाचवीच्या वर्गात एका मुलाने श्रुतलेखनात 'सेड' हा शब्द एस-ई-डी असा लिहिला. आदल्या आठवड्यातही त्याने तेच केले होते. मी त्याच्या हातावर छडी मारली आणि तो शब्द शंभर वेळा लिहावयास सांगितला. त्याच पानावर त्याने 'रेन' अचूक लिहिला होता, 'बेड' आणि 'रेड' अचूक लिहिले होते. जो 'रेड' लिहितो त्याने 'सेड' तसाच लिहिला, तर त्याने कानाशी इमान राखले. मी ते पाहिले नाही. मी फक्त तांबडी शाई पाहिली. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. घरी ओढ होती, वडिलांना दुकानात हात हवा होता, हे खरे. पण त्याचा हात शाळेतून सुटला तेव्हा त्यावर माझ्या छडीचा वळ होता, हेही खरे. इतक्या वर्षांत मी त्याला पाहून अनेकदा रस्ता बदलला आहे.

२०१७ साली निवृत्तीच्या समारंभासाठी नवा सदरा शिवावयाचा होता. धाडस करून मी त्यांच्याच दुकानात गेलो. त्यांनी माप घेतले आणि वहीत लिहिले. वही इंग्रजीत होती. चेस्ट बरोबर, नेक बरोबर, स्लीव्ह बरोबर. 'शोल्डर' या शब्दात मात्र यू नव्हता. त्यांनी माझी नजर ओळखली आणि विचारले, "मास्तर, चुकले का?" मी म्हणालो, "सदरा बरोबर होईल ना?" ते म्हणाले, "माप बरोबर आहे." सदरा उत्तम झाला. आज अंगावर आहे तो तोच.

आता वाक्यांकडे वळतो. शब्द लिहिता आले तरी पुढे काय? आपल्या शाळांत वर्णनाचा एक ठराविक साचा आहे: गाय हा पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय असतात, दोन डोळे असतात, दोन शिंगे असतात. पन्नास वह्यांत पन्नास गाई आणि सगळ्या एकाच गोठ्यातल्या. यातली एकही गाय कोणी पाहिलेली नसते. पाठांतराने गुण मिळतात, याविषयी वाद नाही. पण निरीक्षण करणारे मूल त्यात मरते.

मराठी मुलाची वाक्यातली खरी अडचण क्रियापदाच्या जागेची आहे. आपले क्रियापद शेवटी येते, इंग्रजीचे मध्ये. म्हणून मूल लिहिते, 'माय फादर शर्ट स्टिचेस'. यावर व्याकरणाचे भाषण करू नये. तीन चिठ्ठ्या कराव्यात: कोण, काय करतो, कशाला. मुलाने हाताने मधली चिठ्ठी उचलून मध्ये ठेवावी. आठ दिवस हाताने ठेवली की पुढे मनाने ठेवली जाते. मग नामापूर्वी एक विशेषण, मग 'कोठे', सर्वांत शेवटी 'केव्हा'. आपण आधी धावदोरा घालतो आणि मग टीप मारतो, तसेच हे काम आहे. साधे वाक्य उभे राहण्यापूर्वी त्यावर कशिदा काढू नये.

एक गोष्ट मात्र इंग्रजीत फार सोयीची आहे. आपल्याकडे काळा घोडा, काळी गाय, काळे मांजर. तेथे तिघांनाही 'ब्लॅक'. हे कळल्यावर मुले टाळ्या पिटतात. त्या 'ब्लॅक'च्या शेवटी सी-के आहे, हे लगेच दाखवावे, आणि त्याच दिवशी वाक्य लिहवून घ्यावे: 'अ ब्लॅक डक सिट्स ऑन अ रॉक.' वाक्य पोरकट आहे, पण जो नियम सकाळी शिकला तो त्यात तीनदा आला. स्पेलिंगचा तास वेगळा आणि वाक्याचा वेगळा, ही विभागणी माझ्या मते मोठी चूक आहे. वापरात न आलेला शब्द न घातलेल्या सदऱ्यासारखा पेटीत पडून राहतो व कसर लागते.

'अ' आणि 'द' यांच्याविषयी लहान मुलांना फार छळू नये. मराठीत ती वस्तूच नाही. ऐकून-वाचून ती हळूहळू बसते. माझी अजून पुरती बसलेली नाही.

मी मुलांना घरून एक वस्तू आणावयास सांगत असे. कोणी दोऱ्याचे रीळ आणी, कोणी अंगुस्तान, कोणी आजीची चंची. आधी वस्तू हातात फिरवावयाची आणि मराठीत बोलावयाचे. कशी आहे, कोठे असते, काय करते, हातात घेतल्यावर कशी लागते. मराठीत ज्याला चार गोष्टी दिसल्या नाहीत, त्याला इंग्रजीत त्या कशा दिसणार? त्यानंतर इंग्रजीत तीन वाक्ये, अधिक नाहीत.

तिसरीतल्या एका मुलीने घरच्या शिवणयंत्राविषयी लिहिले होते, 'द ओल्ड मशीन सिंग्ज ॲट नाइट.' जुने यंत्र रात्री गाते. दिवाळीपूर्वीचे दिवस होते. तिचे वडील मध्यरात्रीपर्यंत शिवीत बसत व ती त्या आवाजात झोपी जाई. 'मशीन' तिने एस-एच घालून आणि दोन ई घालून लिहिले होते. हा शब्द फ्रेंचांकडून आलेला, म्हणून त्यात सी-एच 'श' म्हणते. तिने शिकलेल्या नियमाप्रमाणे लिहिले त्यात तिचा काय दोष? माझ्या हातात तांबडा पेन होता. मी तो खिशात ठेवला, वाक्याखाली शिसपेन्सिलीने रेघ मारली, समासात शुद्ध शब्द लिहिला आणि वही वर्गात वाचून दाखविली.

आता मागणे. समाजाच्या निधीतून यंदा इंग्रजी वक्तृत्वासाठी चषक ठेवावा, अशी सूचना आली आहे. चषकाला माझा विरोध नाही. परंतु पाठ केलेले भाषण उत्तम म्हणणाऱ्या एका मुलाला तो मिळेल आणि घोकून रडणारी बाकीची मुले टाळ्या वाजवितील. त्याऐवजी या सभागृहाची मागली खोली दर रविवारी सकाळी नऊ ते दहा मला द्यावी. चाळीस पाट्या, खडू आणि पुठ्ठ्याची अक्षरे, एवढाच खर्च. पहिली ते चौथीची मुले येतील, मग ती मराठी शाळेतील असोत वा इंग्रजी. अट एकच: प्रत्येक मुलाबरोबर घरातले एक मोठे माणूस बसले पाहिजे, कारण आठवड्याचे बाकीचे सहा दिवस शिकविणारे तेच आहे. मला मानधन नको. माझा कंटाळा येईल तेव्हा स्पष्ट सांगावे.

हा विचार कार्यकारिणीपुढे ठेवण्यापूर्वी मी तो एका दुकानात बोलून पाहिला. दुकान कोणाचे, हे आपण ओळखले असेल. त्यांची धाकटी कन्या तिसरीत आहे. ते काज करीत होते. काही वेळ बोलले नाहीत, मग दोरा तोडून म्हणाले, "बायकोला रविवारी सकाळी वेळ नसतो. मी बसलो तर चालेल का?"

पाट्या दोन लागतील, असे मी त्यांना सांगितले आहे.